प्रॉम्प्टरचा पुरावा

वडशाला मी भाड्याची खोली पाहायला गेलो, तेव्हा घरमालकानं मला एक शब्द बोलू दिला नाही. माझे संवादही त्यांनीच म्हटले. "तुमी म्हनसान खोली लहान आहे. मी म्हनीन, एकटा मानूस झोपाले कितीक जागा घेते? तुमी म्हनसान पान्याचं काय. मी म्हनीन विहीर आहे. तुमी म्हनसान भाडं कमी करा. मी गप राहीन. मंग तुमीबी गप राहसान. मंग बाई चहा आनते." एवढं होईस्तोवर बाई खरंच चहा घेऊन आल्या. मी चहा प्यालो आणि संध्याकाळी ट्रंक घेऊन राहायला गेलो. करणार काय? नाही म्हणायचं वाक्यच मला मिळालं नव्हतं.

हे आमचे भाऊ. नाव सांगून उपयोग नाही, नावानं त्यांना पोस्टमनसुद्धा ओळखत नसे. पण 'प्रॉम्प्टरभाऊ' म्हटलं की पानठेल्यावरचं कुत्रं उठून घरापर्यंत सोडायला यायचं. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं चालतात. दिवस मावळल्यावर सुरू होतात आणि कोंबडा आरवल्यावर संपतात. नटाला आज एक गाव, उद्या दुसरं गाव आणि दुसरंच नाटक. पाठांतराला वेळ कोणाला आहे? म्हणून स्टेजच्या पुढं, पेटीवाल्याच्या मांडीला मांडी लावून, वही घेऊन एक माणूस बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या अर्धा श्वास आधी सोडतो. भाऊंचं मत असं की नाटक खरं तोच माणूस करतो, वरचे लोक नुसते कपडे घालून उभे असतात. तीस वर्षं हा धंदा केल्यावर ओठांना काय सवय लागेल, तुम्हीच विचार करा.

एका लग्नात नवरदेव उखाणा घेताना अडला. मागच्या रांगेतून भाऊंनी सवयीनं नाव सोडलं. नवरदेवानं ते जसंच्या तसं उचललं. नाव निघालं त्या साली गाजलेल्या नाटकातल्या हिरोइनचं. पंगत दीड तास थांबली आणि नवरीच्या मामानं मंडपाचा एक बांबू उपटला होता. दुसऱ्या एका सभेत पुढारी भाषण करता करता पाण्याचा घोट घ्यायला थांबले. भाऊंनी खालून वाक्य दिलं, "आनि या चौकात शेड बांधून देईन." पुढाऱ्यांनी घोट गिळला आणि वाक्यही घेतलं. वडशाच्या त्या शेडखाली आज लोक पावसात उभे राहतात, पण एकाही माणसाला त्याचा खरा लेखक माहीत नाही.

घरातही तेच. नवराबायकोचं भांडण भाऊ एकटे करायचे. दोन्ही बाजू तेच बोलायचे, बाई तोवर भाजी निवडायच्या. बाई मला म्हणाल्या होत्या, "मी एकबी भांडन हारली नाई मास्तर. जितलीबी नाई. मले पार्टच नाई भेटला." मास्तर म्हणजे मी. एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. एकविसावं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती, पण वडशात ते हप्त्याहप्त्यानं पोचत होतं.

भाऊंच्या घोरण्याबद्दल इथेच सांगून टाकतो. माझी आणि त्यांची खोली यांच्या मधे एक कुडाची भिंत होती. त्यांचं घोरणं आधी बारीक शिट्टीनं सुरू व्हायचं, मग करवत लागायची, आणि शेवटी दोनदा टक टक व्हायचं, कोणी दार ठोठवावं तसं. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा उठून दार उघडलं. जंगलखात्याचा एक गार्ड सायकल थांबवून विचारून गेला होता की सागवान कोण कापून राह्यलं. विनोद करत नाही. त्याला मी स्वतः चहा पाजला होता.

आता मुद्द्याचं.

भाऊंना बारा वर्षांपासून रोज एक प्रश्न ऐकावा लागत होता. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, राशनच्या रांगेत कोणीतरी दात काढून विचारायचं, "काऊन भाऊ, जागे आहा ना?" भाऊंचे फक्त ओठ हलायचे. समोरच्याला पुढची शिवी ते आधीच पुरवत असावेत.

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी एका गावच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, नाटकाला सरकारी च्यानलची गाडी शूटिंग करायला आली होती. नाटकाचा हिरो वडशाचाच. अठरा वर्षं भाऊंच्या आवाजावर चाललेला आणि भाऊंच्या ताटात जेवलेला दोस्त. तिसऱ्या अंकात तो बाप असतो आणि समोर त्याच्या पोराचं प्रेत असतं. त्याला म्हणायचं असतं, "ऊठ पोरा, बैल अजून उपाशी आहेत." त्या दिवशी हिरो प्रेतासमोर बसला आणि गप झाला. गप म्हणजे गपच. पहाटेची वेळ, पाच हजार माणूस समोर, आणि स्टेजवर आवाज नाही. आधी बायका रडल्या, मग बाप्ये, मग बंदोबस्ताचा शिपाई, आणि शेवटी प्रेतसुद्धा रडलं म्हणतात. मग हिरो उठला आणि त्यानं सरळ शेवटचं गाणं धरलं. नाटक डोक्यावर घेतलं लोकांनी.

रंगपटात भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "इसरला होतास." हिरोनं खोबऱ्याच्या तेलानं रंग पुसता पुसता म्हटलं, "आणि आपण निद्राधीन होतात." तो घरातही असाच नाटकातलं बोलायचा. मीठ मागायचं असलं तरी 'लवण' म्हणायचा.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. हिरोचं मात्र त्या शांततेवर भलतंच चाललं. पोस्टरवर छापून यायला लागलं, 'यांची जगप्रसिद्ध शांतता पाहण्यास विसरू नका'. पहिल्या साली ती मिनिटभर होती, पाचव्या साली लोक तेवढ्यात चहा पिऊन परत यायचे. इकडे भाऊंना 'झोपलेला प्रॉम्प्टर' हे नाव चिकटलं. झोपलेला नट चालतो, झोपलेला पेटीवालाही एक पट्टी दाबून धरतो. झोपलेल्या प्रॉम्प्टरला कोण बोलावेल? भाऊंनी वह्या ट्रंकेत भरल्या आणि धंदा सोडला.

"तीनदा देलो मी वाक्य," भाऊ मला सांगायचे. "तिसऱ्या खेपेले तर एवढ्या जोरानं देलो का पयल्या लायनीतल्या बुढीनं वळून पाह्यलं."

ती बुढी वारली होती. उरला एकच साक्षीदार, च्यानलवाल्यांची टेप. ती त्यांनी तेव्हा एकदाच दाखवली होती आणि त्या दिवशी सगळ्या तालुक्याची लाईट गेली होती. भाऊंनी मग दर महिन्याला च्यानलला एक पत्र लिहिलं, नाटक पुन्हा दाखवा म्हणून. बारा वर्षं. शेवटी त्यांच्या चिकाटीला कंटाळून म्हणा किंवा तिथला लिफाफे फोडणारा रिटायर होताना पुण्य जोडायचं म्हणून म्हणा, उत्तर आलं. पुढच्या महिन्यात तिसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता.

भाऊ ते पत्र घेऊन माझ्या खोलीत आले. आत आल्याआल्या माझं वाक्य म्हणाले, "तुमी म्हनसान, व्हीसीआर लावा." मग स्वतःचं म्हणाले, "व्हीसीआर वडशात एक आहे. तो हिरोच्या मेव्हन्याकडे आहे. पुरावा काय मी चोराच्या घरी ठेवू?" आणि खाली बसून म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरमंदी म्हने टीव्ही भरून ठेवता येते. एकच जागा धा बार पाहता येते. आवाज वाढवता येते."

येते म्हणालो. क्लासमध्ये मीच पोट्ट्यांना सांगत होतो की कॉम्प्युटरनं काहीही करता येते. स्वतःच्या जाहिरातीवर विश्वास ठेवणारा मी पहिला मास्तर नसेन.

भाऊंच्या घरी एक कॉम्प्युटर होता. आमच्या क्लासनं भंगारात काढलेला, मीच आणून दिलेला. त्याच्यावर बाईंनी विणलेलं झाकण होतं आणि झाकणावर पंचांग. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तो सुरू व्हायचा. त्याचं हळदकुंकू व्हायचं आणि तो बंद व्हायचा. मी कागदावर यादी केली की याच्यानं टीव्ही रेकॉर्ड करायचा तर ट्यूनर कार्ड लागेल, रॅम दुप्पट लागेल, मोठी हार्ड डिस्क लागेल, आणि खरं म्हणजे नवा प्रोसेसर, म्हणजे नवा बोर्ड, म्हणजे नवा कॉम्प्युटरच लागेल. भाऊंनी यादीवर नाटकाच्या वहीसारखी काट मारायला घेतली.

"हा रॅम काय करते?"

मी सांगितलं की कामाच्या वेळी जे लागतं ते तो लक्षात ठेवतो.

"मंग एकाच नटाले दोन पार्ट द्या. आमी शिपाई न् राजा एकाच मानसाकडून करून घेतो. मिशी बदलाची फक्त."

प्रोसेसर त्यांनी म्हातारा झालेला खलनायक समजून तसाच ठेवला. आवाज आहे ना, मग चालते. शेवटी यादीत उरलं ट्यूनर कार्ड आणि हार्ड डिस्क, तेही जुनं. आम्ही एसटीनं नागपूरला गेलो. जुन्या सामानाच्या दुकानात भाऊंनी मालकाला हात जोडले आणि मालकाच्याच आवाजात त्याचे संवाद सुरू केले, "भाईसाब, आपके लिये आधे में. चलो, साथ में डिस्क भी ले जाओ." मालक बिचारा दिवसभर बोलून थकला असेल, त्यानं तंद्रीत ते वाक्य म्हणून टाकलं. शुद्धीवर आला तेव्हा आम्ही बसस्टँडवर होतो.

कार्डाला खोका नव्हता, रिमोट नव्हता, आणि आवाजाची वायरही नव्हती. हार्ड डिस्क चालताना पैंजण वाजल्यासारखा आवाज करायची. बाईंना तो आवडला. पहिल्या परीक्षेत आम्ही शेतीचा कार्यक्रम रेकॉर्ड केला. दहा सेकंद चित्र हललं, मग कृषी अधिकारी तोंड उघडं ठेवून थिजले ते थिजलेच. म्हणजे एका नटाला दोन पार्ट झेपेनात. मग रविवारपुरता क्लासच्या कॉम्प्युटरमधला एक रॅम मी खिशात घालून आणला. रविवारी क्लासला सुट्टी असते, त्यामुळे त्याला चोरी म्हणता येणार नाही. रॅमही जरा बाहेर फिरला. चित्राचा आकार कमी केला. पोस्टाच्या तिकिटापेक्षा मोठा, पोस्टकार्डापेक्षा लहान. अधिकारी चालायला लागले.

ॲन्टेना घराजवळच्या मोहाच्या झाडावर बांधला. तिथं एक वानर बसायचं. गंमत अशी की ते बसलं की चित्र साफ यायचं आणि उठलं की मुंग्या. म्हणून बाई सकाळी झाडाखाली चणे ठेवायला लागल्या. भाऊ त्या वानराला 'आमचा इंजिनिअर' म्हणत.

घोडं अडलं आवाजावर. ट्यूनर कार्डाचा आवाज बाहेरून वायरनं कॉम्प्युटरच्या दुसऱ्या भोकात घालावा लागतो, आणि त्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. घर काढलं तर भोकही त्याच्याबरोबर निघालं. माईकचं भोक तेवढं चालू होतं. मी सुचवलं की टीव्ही नेहमीसारखा लावू, त्याच्या स्पीकरला चिकटून छोटा माईक ठेवू. चित्र तारेनं आत जाईल, आवाज माईकनं.

भाऊ हसले. ट्रंकेतून त्यांनी कापडात गुंडाळलेला नाटकाचा माईक काढला. झाडीत माईक नटांच्या डोक्यावर दोरीनं लटकवतात, म्हणजे नट कुठंही असला तरी आवाज सापडतो. "माईक वरूनच पाह्यजे मास्तर," ते म्हणाले. "जमिनीवरचा माईक नाकातला आवाज घेते. तीस वर्सं केलो मी हे काम, मले नका शिकवू." आणि त्यांनी तो आढ्याला, खोलीच्या बरोब्बर मधोमध टांगला. त्याच्या खाली त्यांनी स्वतःचा पाट मांडला. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण तीस वर्षांपुढं माझा सहा महिन्यांचा डिप्लोमा काय बोलणार?

तो रविवार वैशाखातला. गर्मी एवढी की विहिरीतलं पाणी चहाला आयतं गरम निघत होतं. कॉम्प्युटर उघडा केला तरी पंधरा मिनिटांत बंद पडायचा. समोर कूलर लावला की चालायचा, पण कूलरची घरघर माईकमध्ये येणार. भाऊंनी कूलर बंद केला आणि बाईंच्या हाती बांबूचा पंखा दिला. "प्रोसेसरले वारा घाल. हात थांबू देऊ नको. आनि बोलू नको."

लाईट जाऊ नये म्हणून लाईनमनला जेवायला बोलावलं होतं. लाईनमन आमच्या घरी जेवत असेपर्यंत वडशाची लाईट जात नसे, असा भाऊंचा अनुभव होता. बाईंनी दोन डबे भरून सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळली होती. भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, कोंबड्या टोपलीखाली झाकल्या, लाईनमनला पापड खायला मनाई केली. आणि बाईंच्या हातून हिरोला निरोप गेला होता की पाच वाजता येऊन पुरावा ऐकून जा. भाऊंनी माझ्याकडं पाहून तोंडावर बोट ठेवलं. "कोनाचा श्वासबी ऐकू आला नाई पाह्यजे," ते म्हणाले. मी बटन दाबलं.

तीन वाजता नाटक सुरू झालं. पहिला नट आत आला, त्यानं हात वर केला, आणि त्याच्या अर्धा श्वास आधी माझ्या बाजूनं आवाज आला, "कोण आहे तिकडे?" टीव्हीतला नट मग म्हणाला, कोण आहे तिकडे.

मी वळून पाहिलं. भाऊंचे डोळे मिटलेले होते. डाव्या हातात नसलेली वही होती आणि उजव्या हाताचं बोट नसलेल्या ओळीवर फिरत होतं. आवाज दबका नव्हता. बारा वर्षं साचलेला होता तो, धरणाचं दार उघडल्यासारखा सुटला. राजाचं वाक्य, राणीचं, नोकराचं, विनोदी जोडीचं, एकही सोडलं नाही. हसायच्या जागी 'हसा' म्हणाले. वर दोरीला माईक लटकलेला, बरोब्बर डोक्यावर.

आता मी काय करावं? थांबवायला बोलावं तर माझाही आवाज आत जाणार. मी हातवारे केले, पण मिटलेल्या डोळ्यांना हातवारे कोण दाखवणार? लाईनमननं सांबारवडी तोंडात तशीच धरून ठेवली होती. बाई एका हातानं पंखा हलवत होत्या आणि दुसऱ्या हातानं पदर तोंडात कोंबत होत्या. तिसरा अंक आला. पोराचं प्रेत आलं. हिरो गप झाला. जी शांतता ऐकायला बारा वर्षं थांबलो, ती सुरू झाली, आणि भाऊंनी वाक्य दिलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग श्वास भरून घेतला आणि तिसऱ्यांदा एवढ्या जोरात दिलं की झाडावरचा इंजिनिअर उडी मारून पळाला आणि शेवटचं गाणं मुंग्यांमध्येच संपलं.

भाऊंनी डोळे उघडले. चेहरा कसा, तर नुकतं आंघोळ घातलेल्या लेकरासारखा. "ऐकलं का?" ते म्हणाले. "आता लावा."

मी लावलं. पहिलं मिनिट त्यांनी ऐकलं. कपाळाला आठ्या पडल्या. "हे मधात कोन बोलून राह्यलं?"

"तुम्ही, भाऊ."

तीस वर्षं शेकडो माणसांना आवाज पुरवलेल्या या माणसानं स्वतःचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी कोणाचंच वाक्य म्हटलं नाही. आता त्या शांततेत तेव्हाचा आवाज कोणता आणि आजचा कोणता, हे कोर्टही सांगू शकणार नव्हतं. पाटीवरचं गणित पुसल्यासारखा बारा वर्षांचा पुरावा त्यांनी स्वतःच्याच तोंडानं पुसला होता. तेवढ्यात फाटक वाजलं. पाच वाजले होते.

"सांग घरी नाई म्हनून," भाऊ बाईंना म्हणाले.

पण ते त्यांनी एवढ्या खणखणीत आवाजात म्हटलं, की हिरो बाहेरूनच म्हणाला, "आपण घरी नाही हे आपल्याच मुखातून ऐकून आनंद वाटला," आणि आत आला. काळे केस, काळा चष्मा, वैशाखात शाल. तो खुर्चीवर बसला. बारा वर्षांत त्या घरात तो पहिल्यांदा आला होता. बाईंनी पाणी ठेवलं. भाऊ भिंतीकडे तोंड करून पाटावर बसून राहिले.

आता लावणं भाग होतं. मी लावलं. भाऊंचा आवाज सुरू झाला तसा हिरोनं चष्मा काढला. "हा वाचाळ कोण?" म्हणाला. दहा मिनिटांनी पाहतो तर त्याचे ओठ हलत होते. कॉम्प्युटरमधले भाऊ वाक्य सोडत होते आणि खुर्चीतला हिरो ते उचलत होता, आवाज न करता. अठरा वर्षांची सवय, जाणार कुठी?

तिसरा अंक आला. पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत तरणाबांड हिरो प्रेतासमोर बसला आणि गप झाला. कॉम्प्युटरमधून भाऊंचा आवाज आला, "ऊठ पोरा, बैल अजून उपाशी आहेत." चौकटीतला हिरो गप. खुर्चीतलाही गप. दुसऱ्यांदा आला. गप. मग तिसऱ्यांदा आला, तो इंजिनिअरला पळवणारा.

खुर्चीतल्या हिरोनं मान डावीकडे खाली वळवली, जिथं अठरा वर्षं भाऊ बसायचे, आणि भरल्या आवाजात म्हटलं, "ऊठ पोरा, बैल अजून उपाशी आहेत."

लाईनमननं ताट खाली ठेवलं. बाईंचा पंखा थांबला, त्यामुळे कॉम्प्युटर तापून बंद पडला. खोलीत एवढं गप झालं की टोपलीखालची कोंबडी बोलली तेव्हा मी दचकलो.

भाऊ भिंतीकडे पाहूनच म्हणाले, "बारा वर्सं उशीर केला तू."

हिरोनं शालीचं टोक चाळवलं. मग त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा नाटकातलं नसलेलं वाक्य निघालं. "मले आत्ता भेटलं ना बे वाक्य."

एवढंच. माफी नाही, गळाभेट नाही. बाईंनी सांबारवडी वाढली, हिरोनं सात खाल्ल्या आणि लवण मागितलं. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी तो येऊन बसायला लागला. काम लाईनमननं केलं. त्यानं खांबाखांबावर चढून गावभर सांगितलं की पुरावा मी माझ्या कानानं ऐकला, भाऊंनी तीनदा वाक्य दिलं, तीनही वेळा साफ. आजचं का तेव्हाचं असला बारीक प्रश्न कोणी विचारला नाही. महिनाभरात टपरीवरचा तो प्रश्न बंद पडला. आणि दिवाळीनंतर एका नाटक कंपनीचा टेम्पो भाऊंच्या दारात उभा राहिला. भाऊ वही काखोटीला मारून बसले ते पाच वर्षं उतरले नाहीत.

टेम्पो यायच्या आधीची, पावसाळ्यातली एक दुपार मात्र राहिली. भाऊ जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते. त्या रेकॉर्डिंगची एक सीडी काढून ठेवावी म्हणून मी ती शांतता हेडफोन लावून ऐकत होतो. भाऊंचं पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. मग ते श्वास घेतात, तो लांबलचक श्वास. मी त्या जागेचा आवाज वाढवत नेला, बुढीनं वळून पाहिलं असेल तर बांगड्या तरी वाजल्या असतील म्हणून. बांगड्या नव्हत्या. माझ्या बाजूला बसलेला माणूस श्वास भरून घेत होता, आणि त्याच वेळी दूर टीव्हीच्या आत, पहाटेच्या त्या मैदानावर, पेटीवाल्याच्या शेजारी, बारीक शिट्टी वाजत होती. मग करवत लागली. लाईनमन घोरत नव्हता, त्याच्या तोंडात सांबारवडी होती. आणि भाऊ, ते कितीही मोठे कलावंत असले तरी, एकाच वेळी जागेपणी श्वास आणि झोपेत करवत चालवू शकत नव्हते.

म्हणजे हिरो खरंच विसरला होता. आणि भाऊ खरंच झोपले होते. त्या दोन चुकांच्या मधल्या जागेत सगळी झाडी रडली होती.

बाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या. मी हेडफोन काढून पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

"मले कायले ऐकवता. शेवटी दोनदा टक टक आहे का नाई?"

"आहे."

"मंग तेच होय." चहा खाली ठेवत त्या म्हणाल्या, "त्या रविवारी ती गप राहाची जागा आली तवा म्हनलं पंखा थांबवावा, डबा बंद पडन, भानगड मिटन. पन ते एवढे खुशीत बोलून राह्यले होते." मग त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. "पुसता येते का ते?"

येते म्हणालो.

"मंग पुसा. तेवढंच. बाकी राहू द्या."

मी तेवढा तुकडा निवडला आणि पुसला. पुन्हा लावून पाहिलं. दुसरं वाक्य, मग कोरी शांतता, मग तिसरं वाक्य. आता पुरावा पक्का होता, आणि पहिल्यांदाच पूर्ण खोटा होता. मी सुटकेचा श्वास टाकला, चहाचा कप उचलला, आणि तेवढ्यात टक टक वाजलं. मी सवयीनं दार उघडायला उठलो.

"बसा मास्तर," बाई म्हणाल्या. "कोनी नाई."